गालिच्यातलं पाणी



नवं घर घेतलं की दिवाणखान्यात काय अंथरायचं यावर हल्ली बरीच खलबतं होतात. आपल्या आजी-आजोबांच्या घरात रोजच्याला सतरंजी आणि लग्नकार्याला जाजम, एवढ्यावर भागत असे. आपल्या पिढीच्या यादीत मात्र सोफा आणि मॉड्युलर किचनच्या पाठोपाठ ‘पर्शियन कार्पेट’ येऊन बसलं आहे. गेल्या काही महिन्यांत मला चार-पाच जणांनी एकच प्रश्न विचारला : खरा पर्शियन गालिचा ओळखायचा कसा?

मला विचारायचं कारण एवढंच, की मी बऱ्हाणपूरचा. बुधवाऱ्यात लहानाचा मोठा झालो, यंत्रमागांचा खडखडाट ऐकत अभ्यास केला, तेव्हा याला कापडातलं कळत असणार असा सगळ्यांचा समज. प्रत्यक्षात मी बी.ई. झालेला, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा माणूस. पण प्रश्न डोक्यात बसला आणि मी वाचायला लागलो. वाचता वाचता इराणच्या किरमानपासून जयपूरपर्यंत गेलो आणि तिथून जो रस्ता निघाला तो थेट आपल्या गावाच्या जमिनीखाली उतरला. या वेळचा लेख त्याबद्दल.

आधी विणकाम समजून घेऊ. साध्या कापडात दोनच धागे असतात. उभा तो ताणा, आडवा तो बाणा. आपल्या मागांवर धोटा इकडून तिकडे पळतो तो बाण्याचा धागा घेऊन. गालिच्यात या दोघांच्या जोडीला तिसरा भिडू असतो, तो म्हणजे गाठ. ताण्याच्या शेजारच्या दोन धाग्यांभोवती लोकरीचा किंवा रेशमाचा छोटा तुकडा गुंडाळायचा, त्याची टोकं वर काढायची आणि सुरीनं कापायची. अशी एक ओळ पूर्ण झाली की बाण्याचे एक-दोन धागे आडवे घालायचे आणि जड फणीनं ठोकून ती ओळ पक्की करायची. मग पुढची ओळ. पायाला जी मऊ लव लागते ती म्हणजे या लाखो गाठींची वर आलेली टोकं.

गाठीचे मुख्य प्रकार दोन. एकात धागा ताण्याच्या दोन्ही धाग्यांना पुरता वेढा घालतो, ती तुर्की गाठ. दुसऱ्यात तो एकाच धाग्याला पुरता वेढा घालतो आणि दुसऱ्याच्या नुसता मागून जातो, ती फारसी गाठ. फारसी गाठ जास्त दाट बसवता येते, त्यामुळे वेलींची नाजूक वळणं तिच्यात छान उतरतात. या फारसी गाठीला जाणकार ‘सेन्ने’ गाठ म्हणतात, इराणमधल्या सेन्ने गावावरून. गंमत अशी, की त्या सेन्ने गावचे विणकर स्वतः वापरतात ती तुर्की गाठ! आमच्या धंद्यातही एखाद्या फाइलला एकदा चुकीचं नाव पडलं की ते जन्मभर चिकटतं. तसंच हे.

सॉफ्टवेअरवाल्याला गालिचा बघताक्षणी ओळखीचा वाटतो, कारण तो चौकटींच्या जाळीवर काढलेलं चित्र आहे. एक गाठ म्हणजे एक पिक्सेल. फरक एवढाच, की आपला पिक्सेल फुकट उजळतो आणि इथला प्रत्येक पिक्सेल कुणीतरी बोटांनी बांधलेला असतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ‘अर्दबिल’चा प्रसिद्ध गालिचा आहे. साडेदहा मीटर लांब, पाच मीटरहून रुंद. एका चौरस इंचात सुमारे ३४० गाठी, एकूण अडीच कोटींच्या वर. मी जरा हिशेब केला. कसबी विणकर दिवसाला सात हजार गाठी मारतो असं धरलं, तर एकट्याला हे काम सुट्टी न घेता जवळजवळ दहा वर्षं पुरेल. दहा जण शेजारी शेजारी बसले तरी वर्षभर फक्त गाठी. लोकर कातणं, रंगवणं, ताणा लावणं हे सगळं त्याच्या आधीचं. त्यावर एका चौकटीत मकसूद काशानी हे नाव आणि हिजरी ९४६, म्हणजे इसवी सन १५३९-४०, हे साल विणलेलं आहे. गाठी मारणाऱ्या बाकी हातांची नावं कुठेच नाहीत.

नकाशा काढणारा वेगळा आणि विणणारा वेगळा, ही विभागणी दरबारी कारखान्यांमध्ये जुनीच. मधोमध मोठं फूल असलेल्या गालिच्यात बहुतेक वेळा चौथा भागच काढतात. उरलेले तीन भाग त्याचीच आरशातली रूपं. काश्मीरमध्ये तर चित्रही विणकरापुढे नसतं. ‘तालीम’ नावाच्या कागदाच्या पट्टीवर खुणांच्या भाषेत लिहिलेलं असतं, अमुक रंगाच्या इतक्या गाठी, मग तमुक रंगाच्या इतक्या. एक जण ते सुरात वाचतो आणि बाकीचे त्याप्रमाणे गाठी मारत जातात. मला यात आमच्या कामाचा फार जुना पूर्वज दिसतो.

आता त्या गालिच्याकडे येतो, ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसलो. तो जयपूरच्या अल्बर्ट हॉल संग्रहालयात आहे. लांबी आठ मीटरहून जास्त. १९३७ साली आमेरच्या महालातल्या एका बंद खोलीत तो सापडला. आमेरच्या दरबारात गालिच्यांना मागच्या बाजूनं चिठ्ठ्या शिवून ठेवायची शिस्त होती. मोजमाप, भांडारात आल्याची नोंद, तपासणीची तारीख असं सगळं त्यावर. या गालिच्याच्या चिठ्ठीवर १६३२ सालची नोंद आहे आणि त्याला ‘परदेशी’ म्हटलेलं आहे. विणकामाच्या पद्धतीवरून अभ्यासक तो इराणमधल्या किरमानचा मानतात.

त्यावर आहे एक बाग. लांबीच्या दिशेनं मधोमध रुंद कालवा जातो, त्याला आडवे कालवे येऊन मिळतात, मध्यावर एक मंडप आहे. कालव्यात पाण्याच्या लाटांच्या वळ्या आहेत आणि मासे पोहत आहेत. काठानं झाडं, झाडांवर पक्षी. कालवे वरून पाहिल्यासारखे, नकाशासारखे काढलेले. झाडं मात्र समोरून पाहिल्यासारखी उभी. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या तासाला शिकवलेला प्लॅन आणि एलिव्हेशन, दोन्ही एकाच कागदावर. अशा गालिच्यांना बाग-गालिचे म्हणतात. ही कल्पना फार जुनी आहे. इराणच्या खुस्रो बादशहाच्या राजवाड्यात वसंतातल्या बागेचं भलंमोठं वस्त्र होतं, त्यात पाण्याचे पाट रत्नांनी दाखवले होते, आणि सातव्या शतकात अरब सैन्यानं राजधानी जिंकल्यावर त्याचे तुकडे करून लूट म्हणून वाटले, असं तबरीच्या इतिहासात आहे.

बागेचंच चित्र का, हा प्रश्न मला पडला. उत्तर इराणच्या हवामानात आहे. तिथला मोठा भाग कोरडा. बाग आपोआप उगवत नाही, पाणी आणावं लागतं. आणि उघड्या कालव्यानं आणलं तर ते वाटेतच उडून जातं. म्हणून त्यांनी हजारो वर्षांपूर्वी ‘कनात’ काढली. डोंगराच्या पायथ्याशी, जिथं पाणी जमिनीत मुरलेलं असतं तिथं विहीर खणायची. तिथून गावाकडे जमिनीखालून अगदी मंद उताराचा बोगदा काढायचा. बोगद्यावर ठरावीक अंतरानं उभ्या विहिरी ठेवायच्या. खणताना माती वर काढायला, आत हवा जायला आणि पुढे साफसफाईला. ना मोट, ना पंप. पाणी स्वतःच्या वजनानं चालत येतं. उतार जास्त झाला तर पाणी बोगद्याचा तळ खरवडून काढतं, कमी झाला तर गाळ साचतो. सगळं गणित त्या उतारात आहे. बोगद्यातून बाहेर पडलेलं पाणी बागेच्या मधल्या पाटात यायचं आणि चार वाफ्यांत वाटलं जायचं. गालिच्यावर आहे ते हेच पाणी.

बऱ्हाणपूरच्या वाचकांच्या आता लक्षात आलंच असेल. हे वर्णन आपल्या कुंडी भंडाऱ्याचं आहे.

अब्दुर्रहीम खानखाना बऱ्हाणपुरात सुभेदार असताना, १६१५ साली, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूजलतज्ज्ञानं ही व्यवस्था उभारली. सातपुड्याच्या डोंगरात मुरलेलं पावसाचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे येतं आणि वर शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे त्या उभ्या विहिरी, एका रांगेत दिसतात. लहानपणी सहलीला गेलो की आम्ही कुंडीत डोकावून आवाज द्यायचो. आत लिफ्टनं उतरता येतं हे पाहुण्यांना अभिमानानं सांगायचो. पण ही किरमानच्या बाजूची विद्या आहे आणि तिचंच चित्र लोक जगभरच्या संग्रहालयांत काचेपलीकडे बघतात, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि १६१५ हे साल आणखी एका कारणानं महत्त्वाचं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून जहांगीरकडे जाताना बऱ्हाणपुरात थांबला. इथं जहांगीरचा मुलगा शाहजादा परवेझ होता. त्याच्या दरबाराचं वर्णन रोनं आपल्या रोजनिशीत केलं आहे. वर भारी छत, खाली सगळीकडे गालिचे, आणि उंचावर बसलेला शाहजादा. रोला तो सगळा थाट नाटकाच्या रंगमंचासारखा वाटला. ते गालिचे कुठले होते हे तो लिहीत नाही. अकबराच्या काळापासून लाहोर, आग्रा, फतेहपूर इथं गालिच्यांचे कारखाने होते आणि इराणातूनही माल येतच होता. पण चित्र तर डोळ्यांपुढे येतं. एकाच वर्षी, एकाच शहरात, वर दरबारात गालिचे अंथरलेले आणि खाली जमिनीत इराणी पद्धतीचा बोगदा तयार होत असलेला.

ही देवघेव एकतर्फी नव्हती. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याच शतकात बऱ्हाणपूरला येऊन गेला. इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जातं, असं त्यानं नोंदवलं आहे. पोलंडचं नाव वाचून मी थबकलो, कारण पोलंडच्या राजानं १६०१ साली आपला एक आर्मेनियन व्यापारी खास गालिचे विणून घ्यायला इराणात काशानला पाठवला होता. म्हणजे काशानचा गालिचा आणि बऱ्हाणपूरची सोनेरी किनार, दोन्ही त्याच थंड देशातल्या श्रीमंतांच्या घरी पोहोचत होती.

आता जयपूरच्या त्या बाग-गालिच्याचा मालक कोण, ते बघू. १६३२ साली आमेरच्या गादीवर होता एकविशीतला जयसिंह. आपण त्याला चांगलं ओळखतो. पुरंदरच्या तहाचे मिर्झाराजे जयसिंह ते हेच. १६६५ मध्ये तह झाला, १६६६ मध्ये महाराज आग्र्याहून निसटले, मिर्झाराजांची विजापूरची मोहीमही फसली, औरंगजेबाची मर्जी फिरली आणि परत बोलावणं आलं. त्या परतीच्या वाटेवर १६६७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तो आपल्या बऱ्हाणपुरात. तापीकाठची ‘राजा की छत्री’ त्यांचीच. शाळेच्या पुस्तकात तहाचं कलम पाठ करताना आणि रविवारी छत्रीवर डबा घेऊन जाताना हे दोन्ही मिर्झाराजे एकच, हे आमच्यापैकी किती जणांच्या डोक्यात जुळलं होतं कुणास ठाऊक. आमेरच्या महालात पाण्यानं भरलेली विणलेली बाग असलेला माणूस शेवटी अशा गावात आला, जिथं तेच पाणी जमिनीखालून खरोखर वाहत होतं.

इथून पुढचा मुद्दा मला खरा महत्त्वाचा वाटतो. चारशे वर्षं टिकलेल्या गालिच्याकडे बघून आपण ‘काय कारागिरी!’ म्हणतो. पण कारागिरी फक्त विणण्यात नसते. गालिचा पायाखाली झिजतो, किडे लोकर खातात, कडा सुटतात. मग रफूगर बसतो, मागून ताणा-बाण्याचे नवे धागे ओवतो, जुन्या रंगाशी जुळणारी लोकर शोधतो आणि गाठ गाठ करून भोक भरतो. ‘रफू’ हा शब्द आपल्याकडे फारसीतूनच आला, ‘गालिचा’, ‘नक्षी’ आणि ‘बाग’ यांच्यासोबत. अर्दबिलचे खरं तर दोन जोड-गालिचे होते. एकोणिसाव्या शतकात ते इंग्लंडमध्ये पोहोचेपर्यंत फाटले होते. तेव्हा एकाची दुरुस्ती करायला दुसऱ्याचे भाग कापून वापरले. धड झालेला गालिचा संग्रहालयानं १८९३ मध्ये दोन हजार पौंडांना घेतला. किनारी गमावलेला त्याचा भाऊ आता लॉस एंजेलिसमध्ये आहे. वेळच्या वेळी रफू झालं नाही की असा सौदा करावा लागतो. आज लंडनचा तो गालिचा काचेत आहे आणि रंग उडू नयेत म्हणून त्यावरचे दिवे ठरावीक वेळी थोड्या मिनिटांपुरतेच लावतात.

कनातीचंही तसंच. इराणमध्ये ती साफ करणारे, ढासळलेला भाग बांधून काढणारे पिढीजात कारागीर असतात. त्यांनी काम थांबवलं की काही वर्षांत पाणी थांबतं. आपल्याकडे मूळ आठ भंडारे होते, त्यातले काही केव्हाच गेले. कुंडी भंडाऱ्याच्या भिंतींवर पाण्यातल्या क्षारांचे थर चढत असतात. ते साचू दिले तर वाट अरुंद होत जाते. डोंगराच्या बाजूला पाणी मुरायला जागा उरली नाही किंवा बोअर खोल खोल जात राहिले, तर बोगदा कितीही सुंदर असला तरी त्यात वाहायला काही राहणार नाही. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या भंडाऱ्याचं नाव आलं, याचा आनंद आहेच. पण यादीनं गाळ निघत नाही. आमच्या कामात नवं ॲप बनवणाऱ्यासाठी टाळ्या वाजतात आणि जुनं चालू ठेवणारा कुणाला दिसत नाही. गालिच्यातही तेच, पाण्यातही तेच. तबकुतुल अर्जचं नाव आपल्याला माहीत आहे. त्यानंतर चारशे वर्षं आत उतरून गाळ काढणाऱ्या एकाचंही नाव माहीत नाही.

आता ज्यांनी प्रश्न विचारला होता त्यांचं उत्तर राहिलं, ते देतो.

दुकानात गालिचा उलटा करून बघा. हातानं गाठ मारलेला असेल तर मागेही नक्षी तितकीच स्पष्ट दिसते आणि गाठी किंचित लहान-मोठ्या असतात. मग टोकाची झालर बघा. हातच्या गालिच्यात झालर म्हणजे ताण्याचीच उरलेली टोकं, ती आतूनच येतात. नंतर शिवून लावलेली झालर असेल तर काम बहुतेक यंत्राचं. लवेवरून हात फिरवा. एका बाजूनं रंग उजळ दिसतो, दुसऱ्या बाजूनं गडद. एकाच निळ्या रंगात मध्येच फिकट-गडद पट्टे दिसले तर दुकानदाराशी भांडू नका. लोकर थोडी थोडी रंगवली की प्रत्येक घाणीचा रंग जरा वेगळा येतो, जाणकार त्याला ‘अब्रश’ म्हणतात आणि तो दोष मानत नाहीत. आणि ‘पर्शियन’ हा शब्द दुकानात बहुतेक वेळा नक्षीबद्दल असतो. माल काश्मीरचा असेल, भदोहीचा असेल. तो चांगला असू शकतो, फक्त नीट विचारून घ्या. यंत्रावरचा घेतलात तरी काही बिघडत नाही. यंत्रमागांच्या गावचा माणूस यंत्राला नावं ठेवणार नाही. फक्त यंत्राचा माल हाताचा म्हणून हाताच्या भावात घेऊ नका.

आणि दिवाळीला किंवा उन्हाळ्यात गावी आलात तर मुलांना कुंडी भंडाऱ्यावर घेऊन जा. आधी मोबाइलवर जयपूरच्या गालिच्याचा फोटो दाखवा, मधला कालवा आणि त्यातले मासे दाखवा. मग लिफ्टनं खाली उतरा आणि तेच पाणी हातात घेऊ द्या. आपल्यापैकी ज्यांची नोकरी आहे, सुट्टीचे चार दिवस मोकळे आहेत, त्यांच्यासाठी आणखी एक काम सुचवतो. भंडाऱ्याच्या देखभालीचं काम सध्या कोण करतं, वर्षातून कितीदा होतं, डोंगराकडच्या बाजूला झाडं लावायला आणि चर खणायला माणसं लागतात का, हे आपण मंडळातर्फे जाऊन विचारू या. मी येत्या सुट्टीत जाणार आहे. सोबत कोण येतंय ते कळवा.

पुढच्या अंकात भेटूच.